जास्वंदीवर पांढरा कापूस, कळ्या गळतायत... गणपतीपर्यंत फुलं येतील का?

कुंडीवाली_कोथरूड

मंडळी जरा मदत हवीये. बाल्कनीत दोन जास्वंदी आहेत, एक आपली गावठी लाल पाच पाकळ्यांची आणि एक नर्सरीतून आणलेली पिवळी हायब्रिड. मे महिन्यापर्यंत लाल वाली रोज फुलत होती, सासूबाई खूश, देवघर खूश, सगळं छान. आता गेले काही दिवस कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की पिवळ्या पडून पटापट गळतायत. आणि फांद्यांच्या बेचक्यात पांढरं कापसासारखं काहीतरी चिकटलंय, शेंड्याची पानं आकसून गुच्छ झालाय, खालची पानं हाताला चिकट लागतात आणि त्यावर काजळी धरल्यासारखा काळा थर. मुंग्यांची तर रांगच लागलीये खोडावरून वर. मी पाण्याचा फवारा मारायला गेले तर खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर थेंब पडले, त्याचा एक वेगळाच धागा निघेल इतकं ऐकून घेतलंय 😅

बाल्कनी पूर्वेची, वर स्लॅब आहे, सकाळचं ऊन येतं म्हणजे यायचं, जुलैत कसलं ऊन. खत म्हणून गांडूळखत आणि कधीमधी केळ्याच्या सालींचं पाणी, बाकी काही नाही. सासूबाईंचं म्हणणं गणपतीत दहा दिवस घरचीच लाल जास्वंद हवी, विकतची नको. काय करू? छाटू का सरसकट?

चहाबाज

खालच्या काकूंना एक कटिंग लावून दे, मग थेंबांबद्दल बोलणार नाहीत. झाडाचं माहीत नाही, सोसायटीचं राजकारण माहितीये आपल्याला.

रानजाई

अगं हा पिठ्या ढेकूण, इंग्रजीत मिलीबग म्हणतात तो. आम्ही नाशिककडचे द्राक्षवाले, त्यामुळे याच्याशी आमची जुनी दुश्मनी, बागेच्या कडेला जास्वंद लावू नका असं आमच्याकडे सांगतात ते याच्याचसाठी, कारण जास्वंदीवर वाढतो आणि तिथून द्राक्षावर येतो. भेंडी, अंबाडी, कापूस सगळे जास्वंदीचे भाऊबंद, त्यांच्यावर पण येतो. एक चिरडून बघ, आतून गुलाबी लाल रस निघाला तर तोच. तो रस शोषताना जी लाळ सोडतो ना त्यानेच शेंडा असा बोकडतो, ते पान नंतर काही केल्या सरळ होत नाही, तेवढा शेंडा काढूनच टाकायचा.

पण तुझं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मुंग्यांचं आहे. पानं चिकट झालीत तो या किड्याने टाकलेला गोड पातळ पदार्थ, मुंग्या त्याच्यासाठी येतात, आणि फुकट खात नाहीत, ढेकणाची पिल्लं उचलून नव्या फांदीवर नेऊन ठेवतात आणि त्याला खाणाऱ्या किड्यांना हाकलून लावतात. काळा थर म्हणजे त्या गोडावर वाढलेली बुरशी, ती पुसली की जाते, झाडाच्या आत शिरत नाही. तर आधी मुंग्या थांबव, नाहीतर आज पुसलंस की आठवड्याने परत जैसे थे. कुंडी भिंतीला आणि ग्रिलला टेकलेली असेल तर सुटी कर, कुंडीचे पाय किंवा स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेव (पाणी दर दोन दिवसांनी बदल हो, डासांची पैदास नको), आणि खोडाला खाली कागदी टेप गुंडाळून त्यावर व्हॅसलीन फास. खोडाला थेट व्हॅसलीन नको.

मग कापूस काढायचा. जुना टूथब्रश किंवा इअरबड, मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट, एकेका बेचक्यात टेकवत जायचं, मेण विरघळतं आणि किडा तिथेच मरतो. कंटाळवाणं काम आहे पण दोन कुंड्यांना कितीसा वेळ लागतो, एखादा एपिसोड बघता बघता होतं. प्रत्येक कापसाच्या पिशवीत काहीशे अंडी असतात म्हणून पिशवी फुटून खाली सांडणार नाही असं बघ.

डोंबिवलीकर_काका

एवढा खटाटोप कशाला. तंबाखू रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी गाळून फवारायची. आमच्या चाळीत सगळे हेच करायचे, किडे गायब.

स्नोमधली_तुळस

काका राग मानू नका पण तंबाखूचं पाणी नको. ते निकोटीन कातडीतून पण अंगात जातं, आणि बाल्कनी म्हणजे पोरं हात लावणार, कबुतरं येणार. शिवाय फुलं देवाला वाहायचीत.

डोंबिवलीकर_काका

बरं बाई. आम्ही जिवंत आहोत एवढंच सांगतो. 🙏

सुपारीची_बाग

आमच्या गुहागरात जास्वंद म्हणजे कुंपण. तिला कोणी खत घालत नाही, पाणी घालत नाही, पावसाळ्यात कोयत्याने सपासप मारायची आणि तोडलेल्या काठ्या चिखलात खुपसायच्या, पुढच्या वर्षी तिथे पण कुंपण तयार. ढेकूण कधी दिसला तरी आमचा पाऊसच असा की धुऊन जातो. ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं तुमच्या स्लॅबमध्ये आहे, झाडाला पाऊस लागतच नाहीये. हवा दमट, अंगावर पाणी नाही, ऊन नाही, वारा अडलेला, म्हणजे ढेकणाला पाहुणचारच. जमत असेल तर कुंडी टेरेसवर नेऊन ठेवा चार-आठ दिवस भर पावसात, पण खालची बशी काढून, नाहीतर मुळं सडतील.

कुंडीवाली_कोथरूड

@सुपारीची_बाग टेरेसची किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि सेक्रेटरी म्हणजे त्याच काकूंचे मिस्टर 🤦‍♀️

@रानजाई तू म्हणालीस तसं चिरडून बघितलं, गुलाबीच निघाला, शी. पण कळ्या का गळतायत? ढेकणामुळेच? कारण पिवळीवर कापूस अगदीच थोडा आहे तरी तिच्या कळ्या जास्त गळतात.

रानजाई

बरोबर पकडलंस, पिवळीचं कारण वेगळं असणार. दोन गोष्टी बघ. पहिली, गळलेली कळी ब्लेडने उभी चीर. आत बारीक पांढुरक्या अळ्या वळवळताना दिसल्या तर ती कळीमाशी, मोगऱ्याच्या कळ्यांत पण हीच शिरते. तसं असेल तर गळलेली एकही कळी कुंडीत पडू द्यायची नाही, अळी मातीत उतरून कोष करते आणि परत माशी होऊन येते. गोळा करून पिशवीत बांधून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये पण नको.

दुसरी, कळी आतून स्वच्छ असेल तर माती बघ. नर्सरीची रोपं बऱ्याचदा आंध्रातल्या कडियमकडून आलेली असतात, राजमहेंद्रीजवळ आहे ते, भारतभर तिथून ट्रक भरून माल जातो. त्या रोपांना खाली चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. आपण हौसेने भोवती छान कोकोपीट, खत वगैरे घालतो आणि मधला गोळा तसाच राहतो, उन्हाळ्यात आत पाणी शिरत नाही आणि पावसाळ्यात शिरलेलं निघत नाही. मग हायब्रिड रुसते. गावठी सोसते, हायब्रिडचे नखरे फार.

चहाबाज

गावठी सोसते, हायब्रिडचे नखरे फार. हे वाक्य मी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकतोय, संदर्भ न देता.

स्नोमधली_तुळस

मी न्यू जर्सीत, आमच्याकडे उलटी गंमत. ऑक्टोबरात थंडी पडायच्या आत जास्वंद घरात घ्यावी लागते, रात्रीचं तापमान दहा डिग्रीच्या आसपास आलं की हिची पानं पिवळी पडायला लागतात आणि पहिल्या हिमात मेलीच समजा. घरात घेतली की हीटरची कोरडी हवा, पाऊस नाही, खाणारे किडे नाहीत, मग मिलीबग आणि पांढरी माशी दोघींचं माहेरपण आमच्या दिवाणखान्यात. इथे नर्सरीत हार्डी हिबिस्कस म्हणून पण मिळते, तिची फुलं थाळीएवढी, ती हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळते आणि मे महिन्यात परत फुटते, पण गणपतीला ती वाहताना मन लागत नाही, आपली लाल ती लाल.

मी आत घेण्याआधी अख्खं झाड बाथटबमध्ये आडवं करून हँडशॉवरने धुते, पानांची मागची बाजू सुद्धा. कुंडीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधायची म्हणजे माती सांडत नाही. कोथरूडच्या बाथरूममध्ये पण हे जमेल, मग काकूंच्या चादरीचा प्रश्नच नाही.

कुंडीवाली_कोथरूड

अरे हे बेस्ट आहे!! बाथरूम! डोक्यातच आलं नाही. लाल वाली मोठी आहे पण नवऱ्याला उचलायला लावते.

पिवळीच्या कळ्या चिरल्या, आत काही नाही. मग काडी खुपसून बघितली तर वरची माती मोकळी आणि मध्ये काडी जातच नाही, दगड लागल्यासारखी अडते. म्हणजे गोळाच की तो. काढू का आत्ता? पावसाळ्यात रिपॉटिंग चालतं ना?

सुपारीची_बाग

आत्ताच काढा, यापेक्षा चांगला मोसम नाही. पण गोळा हाताने फोडू नका, मुळं तुटतात. बादलीत पाणी घ्या, त्यात गोळा तासभर बुडवून ठेवा, माती आपोआप सुटत जाईल, बोटांनी हलकेच सोडवायची, अर्धी-अधिक गेली तरी बस झालं. नवीन मिश्रणात माती, शेणखत, थोडी वाळू किंवा विटांचा चुरा, मूठभर निंबोळी पेंड. लावल्यावर आठ दिवस सावलीत आणि खत अजिबात नाही. उरलेल्या कळ्या बहुतेक झडतील, त्याचं मनाला लावून घेऊ नका.

डोंबिवलीकर_काका

आणि छाटणीचं कोणी बोललंच नाही. यंदा अधिक ज्येष्ठ होता म्हणून गणपती उशिरा आहेत, १४ सप्टेंबरला. म्हणजे अजून दोन महिने हातात आहेत. जास्वंदीला फूल नव्या फुटीवर येतं, आज छाटली की नवी फांदी येऊन फुलायला दोन-अडीच महिने जातात. सरसकट छाटलीत तर गणपती उठतील आणि मग कळ्या दिसतील. म्हणून फक्त बोकडलेले शेंडे आणि आतल्या बाजूच्या कीड भरलेल्या काटक्या काढा, चांगल्या फांद्यांना हात नको. मोठी छाटणी पाऊस संपल्यावर किंवा सरळ फेब्रुवारीत. आणि काढलेले शेंडे लगेच पिशवीत बांधा, बाल्कनीत ढीग करून ठेवलात तर ढेकूण चालत परत झाडावर जाईल.

रानजाई

काका फुल मार्क्स 👏 तंबाखूचं माफ.

धुऊन झालं, स्पिरिट लावून झालं की मग कडुनिंबाचं तेल, लिटरला ५ मिली, आधी भांडी घासायच्या लिक्विडचे तीन-चार थेंब तेलात कालवून मग कोमट पाणी, नाहीतर तेल वर तरंगत राहतं आणि नुसतं पाणी फवारलं जातं. संध्याकाळी मार, आठवड्याने परत. दमट हवा आहे तर व्हर्टिसिलियम पण छान चालतं, ढेकणावर वाढणारी बुरशीच आहे ती, कृषी सेवा केंद्रात पावडर मिळते, लिटरला ५ ग्रॅम. त्याच्या आगेमागे बुरशीनाशक मारायचं नाही, नाहीतर औषधच मरेल.

आणि एक राहिलं, हे सगळ्यांनीच वाचा. स्पिरिट लावताना ढेकणांमध्ये एखादा मोठा ढेकूण दिसेल, बाकीच्यांपेक्षा तिप्पट लांब, अंगावर पांढऱ्या झिपऱ्या लोंबतायत आणि चांगला तुरुतुरु पळतोय. त्याला मारू नका! तो ढेकूण नाहीच, क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी आहे ती, ढेकणाचं सोंग घेऊन ढेकूणच खाते. ऑस्ट्रेलियातून १८९८ साली भारतात आणलेला किडा आहे, द्राक्षबागेत आम्ही विकत आणून सोडतो. मोठा झाला की काळपट, डोकं आणि शेपटाकडची बाजू नारिंगी, मसुराएवढा. शहरात पण दिसतो कधीकधी. तो दिसला तर त्या फांदीला स्पिरिट नाही आणि तेल पण नाही, त्याचं त्याला करू दे.

कुंडीवाली_कोथरूड

थांबा थांबा. तो झिपऱ्यावाला मी काल बघितला!! मुलगी म्हणाली आई हा बघ ढेकणांचा राजा. फोटो काढून ठेवलाय तिने, राजाला आम्ही हात लावला नव्हता, किळस वाटली म्हणून, चांगलंच झालं. लाल वालीच्याच वरच्या फांदीवर आहे. मग आता अख्खं झाड बाथरूममध्ये धुऊ की नको?

रानजाई

खालून धू, वरची ती फांदी कोरडी ठेव. मुंग्या मात्र आजच्या आज थांबव, त्या त्याला सुखाने जेवू देणार नाहीत. आणि तो फोटो टाक इथे.

चहाबाज

सगळं करून फुलं आली तरी पहाटे मॉर्निंग वॉकवाले आजोबा आकडी लावलेली काठी आणि कॅरीबॅग घेऊन फिरतात त्यांचं काय? आमच्या कंपाऊंडची एक पांढरी जास्वंद आम्ही कधी उमललेली बघितलीच नाहीये.

डोंबिवलीकर_काका

कळी आदल्या संध्याकाळी तोडून पाण्याच्या वाटीत ठेवा, सकाळी घरातच उमलते. काठीवाल्यांवर दुसरं औषध नाही. (मी कॅरीबॅग नेत नाही, फक्त वाकलेल्या फांदीवरचं घेतो.)

सुपारीची_बाग

काका 😂😂