प्रतिसाद: केंद्र बदललं की आधी यादी बघा

वर एकाने लिहिलंय की नगरपरिषदेच्या निवडणुकीत मतदान केंद्र बदललं तर काय बिघडलं, शहर केवढंसं. अहो, रत्नागिरीसारख्या चढउताराच्या गावात मांडवी, राजिवड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला वरच्या अंगाची शाळा केंद्र म्हणून आली की रिक्षाच करावी लागते, आणि त्या दिवशी रिक्षा मिळेल याची खात्री कोण देणार?

पण केंद्रापेक्षा मोठा घोळ प्रभागाचा असतो. नगरपरिषदेला वेगळी मतदार यादी बनत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागनिहाय फोडतात, आणि ती फोडताना रस्त्याच्या पलीकडची घरं भलत्याच प्रभागात गेली की एकाच वाडीतले लोक दोन ठिकाणी. प्रारूप म्हणजे कच्ची यादी लागते तेव्हाच हरकत घ्यायची, मुदत फार थोडी असते. आणि हरकतीत नवीन नाव घालता येत नाही हं, फक्त प्रभाग चुकलेला असेल वगैरे तेवढंच दुरुस्त होतं, नवीन नावासाठी विधानसभेच्या यादीचा फॉर्म ६ आधीच भरलेला हवा.

मुंबईला असणाऱ्या पोरांनी घरच्यांचा मतदार ओळखपत्र नंबर टाकून ऑनलाइन प्रभाग नि केंद्र दोन्ही बघून द्या, मागच्या वेळचं केंद्र धरून बसू नका. शेजारच्या आजी-आजोबांचंही बघा, त्यांना कोण सांगणार?