मदत हवी आहे: वाटणीपत्रातल्या 'मॉयटी'ला निमे हिस्सा म्हणू की नुसता हिस्सा?

नमस्कार मंडळी,

एका घराण्याचं जुनं इंग्रजी वाटणीपत्र मराठीत उतरवायला घेतलंय. बाकी सगळं सुरळीत, पण 'मॉयटी' (moiety) या शब्दापाशी घोडं अडलंय. राहतं घर दोघा भावांत, प्रत्येकाला 'अनडिव्हायडेड मॉयटी'. इथे प्रश्न नाही: अविभक्त निमे हिस्सा, म्हणजे आठ आणे. पुढे आमराई मात्र तिघांत, आणि तिथेही प्रत्येकाला मॉयटीच! तीन निम्मे आणायचे कुठून?

मूळ लॅटिन शब्द 'मध्य'वरून आलेला, त्यामुळे कोशात 'अर्धा' आधी येतं. पण हा घोळ जुनाच दिसतो. शेक्सपिअरच्या 'हेन्री द फोर्थ'च्या पहिल्या भागात बंडखोर नकाशा पसरून राज्य तिघांत वाटून घेतात, आणि त्यांच्यातला हॉटस्पर कुरकुरतो की माझी मॉयटी तुमच्याएवढी भरत नाही. (त्यासाठी गडी नदीचं पात्र वळवायला निघतो!)

मानववंशशास्त्रात मॉयटी म्हणजे समाजाच्या दोन भागांपैकी एक, तिथे दोनच भाग असतात. ऑस्ट्रेलियातल्या योल्ङू समाजात धुवा आणि यिरिचा अशा दोन मॉयटी, आणि लग्न दुसऱ्या मॉयटीतच करायचं. औषधांत तर निम्म्याचा संबंधच नाही. रक्तदाबाची गोळी घ्या: अ‍ॅम्लोडिपिन बेसिलेटमध्ये अ‍ॅम्लोडिपिन ही 'अ‍ॅक्टिव्ह मॉयटी', म्हणजे शरीरात प्रत्यक्ष काम करणारा भाग. गोळीवरचे ५ मिलिग्रॅम तिचे, बेसिलेट हा क्षाराचा भाग धरून वजन ६.९ च्या आसपास जातं.

हे सगळं वाचून करमणूक झाली, काम अडलेलंच आहे. सरसकट 'हिस्सा' लिहिलं तर घराच्या कलमातलं निम्मं निसटतं. आमराईला 'एक तृतीयांश' लिहावं, तर कलमात तसं म्हटलेलंच नाही. कोर्टकचेरीचे दस्त हाताळणारं कुणी आहे का इथे?

प्रतिसाद १
एक तृतीयांश अजिबात घालू नका. भाषांतर करणाऱ्याने दस्त दुरुस्त करायचा नसतो. शेवटी परिशिष्ट असेल, त्यात आणे-पै दिलेत का बघा.

धागाकर्ती
आहेत की! आमराईपुढे तिघांच्याही नावावर पाच आणे चार पै, म्हणजे सोळा आण्यांचा तिसरा भाग. घरापुढे आठ-आठ आणे.

प्रतिसाद १
मग सुटलं. घराला 'निमे हिस्सा', आमराईला 'हिस्सा', दोन्हीकडे कंसात 'मॉयटी' आणि खाली अनुवादकाची टीप. परिशिष्टातले आणे-पै मात्र जसेच्या तसे ठेवा, अपूर्णांक करत बसू नका.