पाचवीतल्या मुलाला वाचता येत नाही, घरच्यांकडे टेस्टचे पैसे नाहीत, सुरुवात कुठून करू?

संध्याकाळचा_वर्ग

नमस्कार, मी धारावीत संध्याकाळी सहा ते आठ मुलांचा अभ्यासवर्ग घेते, तीन वर्षं झाली. मी शिक्षिका नाही, नोकरी बँकेत आहे, त्यामुळे काही चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

वर्गात पाचवीतला एक मुलगा आहे, मराठी माध्यमाच्या महापालिकेच्या शाळेत जातो. बाराखडी गाण्यासारखी घडाघडा म्हणतो पण मध्येच ‘कि’ वर बोट ठेवलं की परत ‘क का’ पासून सुरू करून तिथपर्यंत येतो. ब आणि व, भ आणि म, घ आणि ध हे त्याला एकच दिसतात की काय असं वाटतं. जोडाक्षर आलं की थांबतो आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतो. फळ्यावरचं उतरवून घेतो तेही अर्धं, वेलांट्या राहतात, दोन शब्द चिकटतात. पण हाच मुलगा मी गोष्ट वाचून दाखवली की दुसऱ्या दिवशी लहान पोरांना ती आवाज काढून जशीच्या तशी सांगतो, मी विसरलेलं पण त्याला आठवत असतं. म्हणजे डोक्यानं कमी आहे हे मला पटतच नाही.

शाळेत त्याला शेवटच्या बाकावर बसवलंय, ‘लक्ष देत नाही’ असा शेरा. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील बिगारी. एका खाजगी ठिकाणी चौकशी केली तर टेस्टचे जे पैसे सांगितले ते त्या माऊलीच्या महिन्याच्या पगाराएवढे. आणि आता पाचवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झाला तर पुन्हा एकदा संधी देतात पण त्यातही राहिला तर त्याच वर्गात बसवणार. आई म्हणते तसं झालं तर शाळा बंद करून मामाकडे कामाला पाठवू.

याला एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे वाचन-लेखन-गणित शिकण्यातली अक्षमता) आहे का? फुकट तपासणी कुठे होते? आणि तोपर्यंत मी रोजच्या दोन तासांत नक्की काय करू, कारण वर्गात अजून अठरा मुलं असतात आणि त्याला एकट्याला द्यायला माझ्याकडे फार तर वीस मिनिटं निघतात.

---

विशेष_शिक्षिका_ठाणे

ताई, तुम्ही बाराखडीचं जे लिहिलंय ना ते फार महत्त्वाचं आहे, ते असंच कागदावर तारखेसकट लिहून ठेवा, तपासणीला उपयोगी पडेल. मी विशेष शिक्षिका आहे, पंधरा वर्षं हेच काम करतेय. पण इथे वाचून एलडी आहे की नाही हे कोणीही सांगू शकत नाही, सांगूही नये.

सगळ्यात आधी डोळे आणि कान. अगदी आधी. फळ्यावरचं अर्धंच उतरवतो म्हटलं की मी पहिला प्रश्न विचारते, त्याला फळा दिसतो का? माझ्याकडे ‘डिस्लेक्सिया’ (वाचनातली एलडी) म्हणून आणलेल्या मुलांपैकी काहींना चष्मा लागला होता आणि एका मुलीचा कान वर्षानुवर्षं वाहत होता, तिला ‘प’ आणि ‘ब’ मधला फरक ऐकूच येत नव्हता. सरकारी हॉस्पिटलात हे केसपेपरच्या किमतीत होतं.

एलडीची तपासणी मुंबईत सायन, नायर आणि केईएम या तिन्ही महापालिकेच्या हॉस्पिटलांत होते, तुम्हाला सायन सगळ्यात जवळ. एका फेरीत होत नाही हे आईला आधीच सांगा. डॉक्टर तपासतात, मानसतज्ज्ञ बुद्ध्यांक (आयक्यू) काढतात, मग विशेष शिक्षक वाचन, लेखन, गणित बघतात. साधारण तिसरीनंतर, म्हणजे आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच एलडीचं निदान करतात, त्यामुळे तुमचा मुलगा वयात बसतो. एक प्रश्न तिथे नक्की विचारा, वाचनाची चाचणी कुठल्या भाषेत घेणार? मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी उताऱ्यावर तपासून काय कळणार? मराठीतल्या चाचण्या आहेत, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं केलेली ‘डाली’ हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चारही भाषांत आहे.

बुद्ध्यांक सरासरी आणि तरीही वाचन-लेखन खूप मागे, असं असेल तरच एलडी. 70 ते 84 च्या आसपास आला तर मूल ना एलडीत बसतं ना बौद्धिक दिव्यांगत्वात, त्याला प्रमाणपत्र मिळत नाही, आणि वस्त्यांमध्ये अशी मुलं खूप आहेत. मला या कामात सगळ्यात जास्त त्रास याच गोष्टीचा होतो कारण शिकवण्याची गरज दोघांना सारखीच असते, कागद मात्र एकालाच मिळतो.

म्हणून प्रमाणपत्राची वाट बघत थांबू नका. कागद परीक्षेसाठी आहे, वाचायला तो शिकवत नाही. तुमच्या वीस मिनिटांत असं करा. पाच मिनिटं फक्त कान, पुस्तक बंद. ‘कमळ’ म्हणा आणि तीन टाळ्या वाजवायला लावा, मग ‘कमळ मधला क काढला तर काय उरलं’ असं विचारा. दहा मिनिटं एकच गोष्ट, ताटात रवा पसरून त्यात बोटानं अक्षर काढायचं आणि काढताना मोठ्यानं म्हणायचं. ब आणि व एकाच आठवड्यात शिकवू नका, ब पूर्ण पक्का होऊ दे, व नंतर दोन-तीन आठवड्यांनी. काना पक्का झाल्याशिवाय वेलांटी नाही. बाराखडी म्हणायला लावणं काही दिवस बंदच करा, ती त्याला गाणं म्हणून पाठ आहे, त्यात अक्षर सुटं दिसतच नाही. शेवटची पाच मिनिटं त्यानं गोष्ट सांगायची आणि तुम्ही ती त्याच्याच शब्दांत मोठ्या अक्षरात लिहायची, तीन-चार ओळी फक्त, आणि तो ती वाचेल. स्वतःचं बोलणं असतं ना, पुढचा शब्द त्याला माहीत असतो, त्यामुळे अक्षरावर टिकून राहतो. सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला मात्र अजिबात सांगू नका.

---

गुरुजी_बीड

ताईंनी चांगलं सांगितलं, माझी एक भर. तपासणीला जाल तेव्हा त्या लेकराची शाळा मधे किती बुडाली ते नीट विचारून घ्या. पहिली-दुसरीत शाळा बुडाली असंल तर अक्षरओळखीचं वर्षच गेलं. आमच्याकडं ऊसतोडीला आईबापासंगं लेकरं जातात, दिवाळीच्या आसपास टोळी निघती ती उन्हाळा लागल्यावरच परत. गावातच हंगामी वसतिगृहात राहिली त्यांची शाळा टिकली, बाकीची चौथीत येतात तवा दुसरीचं पण येत नसतं, आणि नवीन मास्तर आला की म्हणतो याला डिस्लेक्सिया असंल. तसं नसतं ओ. शिकवलंच नाही तर येणार कुठून.

मी काय करतो, सहा-आठ आठवडे रोज नेमानं शिकवून बघतो. जे लेकरू नुसतं शाळेपासून तुटलेलं असतं ते या दिवसांत भराभर पुढं सरकतं. जे सगळं करून पण तिथंच अडकतं, आज आलेलं उद्या पुसून जातं, त्याची चिठ्ठी मी पुढं पाठवतो. ही काय डॉक्टरी तपासणी नव्हं पण कुणाला आधी पाठवायचं ते कळतं. घरची भाषा पण बघा, तांड्यावरच्या लेकरांची घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली असती, ती मराठी शब्दाला अडली तर अक्षराला अडली असं समजू नका.

शाळेला मोकळं सोडू नका. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत समावेशित शिक्षणाचे, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्याच शाळेत शिकवायला मदत करणारे विशेष शिक्षक असतात, तालुक्याच्या गट साधन केंद्रात किंवा शहरात शहर साधन केंद्रात, मुख्याध्यापकांमार्फत लेखी पत्र द्या की या मुलाची पडताळणी करा. शिक्षकांनी मुलं हेरायला एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ ॲप पण आहे, त्यातली प्रश्नावली वर्गशिक्षकालाच भरायची असते. दिव्यांग म्हणून नोंद झाली की प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता असं काही काही असतं, मुलींना महिना 200 रुपये, दहा महिने. पैसे थोडेच पण नोंद महत्त्वाची, नोंद नसंल तर ते लेकरू सरकारच्या हिशोबात नसतंच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात एलडी पण आहे, शाळेत कुणी ‘हे दिव्यांगत्वात येत नाही’ म्हणलं तर तेवढं सांगा.

माणसं कमी हे मात्र खरं. सुप्रीम कोर्टानं 2021 ला सांगितलंय की प्राथमिकला अशा 10 मुलांमागं एक विशेष शिक्षक पाहिजे आणि वरच्या वर्गांना 15 मागं एक. आमच्या भागात एकच मॅडम, गाडीवर फिरून फिरून बिचाऱ्या थकतात, एका शाळेवर आठवड्यात एकदा पोचल्या तरी पुष्कळ. म्हणून सांगतो, वर्गशिक्षकाला सोबत घ्या, भांडून घेऊ नका. शेवटच्या बाकावरून पहिल्या बाकावर आणायला कुठला जीआर लागत नाही.

---

एक_आई

मी बोलून टाइप करते आहे चुका समजून घ्या. मी पोळ्यांची कामं करते. माझ्या मोठ्या मुलाचं हेच होतं. तो आठवीत असताना शाळेतल्या एका मॅडमनी मला बोलावून सांगितलं तोपर्यंत मला वाटायचं हा नाटकं करतो. मी त्याला मारलंय. लाटण्यानं पण मारलंय. ते आता रात्री आठवतं मला.

त्याची तपासणी झाली तेव्हा मला पाच खेपा पडल्या. एक दिवस गेलं की एक खाडा, दोन घरं पैसे कापायची, एका घरानं तर कामच सोडायला सांगितलं. पहिल्यांदा गेलो तर तारीख मिळाली ती पुढच्या तीन महिन्यांची. मी तेव्हाच सोडून देणार होते. त्या मॅडम दुसऱ्या खेपेला स्वतः आल्या म्हणून मी गेले. तुम्ही पण शक्य असेल तर एकदा त्या आईबरोबर जा, कुठली खिडकी, कुठला मजला, काय विचारायचं, आम्हाला तिथं बोलायची भीती वाटते. आणि तिच्या कामाच्या बाईंना तुम्ही फोन करून सांगा की ती मुलाला घेऊन दवाखान्यात जाणार आहे, आमच्या सांगण्यापेक्षा तुमच्या सांगण्याला ते ऐकतात.

दिव्यांग शब्द ऐकून माझे मिस्टर खूप चिडले होते. म्हणाले माझा पोरगा धडधाकट आहे त्याला शिक्का लावू नका, पुढे लग्नाला अडचण. मग तिथल्या डॉक्टर बाईंनी मुलाला बाहेर बसवून त्यांना समजावलं की हा हुशार आहे, फक्त अक्षराची वाट त्याची वेगळी आहे. हुशार आहे हे आम्हाला आठ वर्षांत पहिल्यांदा कुणी सांगितलं. मिस्टर घरी येईपर्यंत गप्प होते.

दहावीला त्याला लेखनिक मिळाला आणि तासाला वीस मिनिटं जास्त मिळाली. गणिताच्या जागी सातवीच्या लेव्हलचं गणित घेता आलं. पास झाला. आता आयटीआयला वायरमनचं करतो. अजून वाचायला वेळ लागतो पण मीटरवरचं सगळं समजतं त्याला.

त्या आईशी बोलायला रात्री नऊनंतर जा, त्याआधी ती स्वयंपाकात असेल. मुलासमोर बोलू नका. मामाकडे पाठवू नको असं लगेच म्हणू नका, ती पण घाबरूनच म्हणते आहे.

---

विशेष_शिक्षिका_ठाणे

ताई, तुमचं वाचून डोळे भरले. मारल्याचं मनात ठेवू नका, तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

वर दहावीच्या सवलतींचा विषय आलाय म्हणून सांगते, त्या आपोआप मिळत नाहीत. प्रमाणपत्र असलं तरी शाळेनं विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो आणि हे दहावीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच करायचं, फेब्रुवारीत पळापळ करून काही होत नाही. यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरतात, आधार आणि शाळेच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना हे आत्ताच बघा, निम्म्या मुलांचं घोडं तिथेच अडतं. आणि पाचवीच्या परीक्षेची आईला भीती आहे तर मुख्याध्यापकांना भेटून सांगा की तपासणी चालू आहे, केसपेपरची झेरॉक्स द्या, त्याला प्रश्न वाचून दाखवा अशी विनंती करा.

---

संध्याकाळचा_वर्ग

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन आठवड्यांनी लिहितेय. एक_आई, तुम्ही सांगितलं तसं रात्री साडेनऊला गेले. तासभर बसलो. तिनं आधी फक्त ऐकलं, मग म्हणाली की तिला स्वतःलाही वाचता यायचं नाही, चौथीत शाळा सुटली, तेव्हा सगळे मठ्ठ म्हणायचे. मग रडली. मुलगा बाहेर पोरांबरोबर होता.

डोळे तपासले, चष्मा लागलाय, दोन्ही डोळ्यांना. मला फार अपराधी वाटलं, तीन वर्षं माझ्यासमोर बसतोय. चष्मा लावून फळ्यावरचं आता पूर्ण उतरवतो पण वाचताना अडकणं तसंच आहे, म्हणून सायनला पण नेणार आहोत. कानाची तपासणी शनिवारी. गुरुजी, शाळा विचारली, तिसरीत असताना पाच महिने सगळे जालन्याला गावी होते, आजी आजारी होती.

ब चालू आहे, व ला हात लावलेला नाही. परवा त्यानं त्याच्या कोंबडीची गोष्ट सांगितली, मी चार ओळी लिहिल्या आणि त्यानं त्या वाचल्या, दोनदा अडकला. कागद मागून घेतला आणि घरी नेला.

हॉस्पिटलला जाताना सोबत काय काय न्यायचं?

---

विशेष_शिक्षिका_ठाणे

आधार, शाळेचं पत्र, मागच्या दोन-तीन वर्षांच्या प्रगतिपुस्तकांची झेरॉक्स, चष्म्याचा आणि कानाचा रिपोर्ट. आणि त्याच्या जुन्या वह्या, मराठीची आणि गणिताची, जशा असतील तशा, खोडलेल्या फाटलेल्या पण चालतील, कोणी रद्दीत घालायच्या आधी आजच मागून घ्या. तुम्ही बाराखडीबद्दल लिहिलेला कागद पण. त्या दिवशी चष्मा लावूनच न्या आणि सकाळी पोटभर खाऊ घाला, चाचणी लांबते, उपाशी मूल अर्ध्यात कंटाळतं. कोंबडीची गोष्ट असलेला तो कागद त्याच्याकडेच राहू द्या, तो मागू नका.