बेन्योव्स्कीच्या लोणकढ्या: सहा दिवसांचा हिशेब

तांडेल

'मादागास्करचा विसरलेला राजा' ही रणझुंजार यांची कालची पोस्ट वाचली. मोरित्स बेन्योव्स्की या हंगेरियन साहसवीराच्या आठवणी म्हणजे 'अठराव्या शतकातल्या सैनिकाची सर्वांत प्रामाणिक जबानी' आणि तिच्यावर शंका घेणारे 'खुर्चीबहाद्दर', असं त्यांचं म्हणणं. ठीक, खुर्चीत बसूनच उत्तर देतो. नकाशा, कर्कटक आणि भागाकार एवढ्यावर काम भागतं.

आधी वय. गडी म्हणतो माझा जन्म १७४१चा. व्ह्रबोव्हे या त्याच्या जन्मगावच्या चर्चच्या बाप्तिस्मा-वहीत नोंद आहे २० सप्टेंबर १७४६ची. ही पाच वर्षं उगाच वाढवलेली नाहीत. सात वर्षांच्या युद्धातली लोबोझित्सची लढाई १ ऑक्टोबर १७५६ला झाली आणि तीत आपण लढलो असं त्याला सांगायचंय. खऱ्या वयाने तो त्या दिवशी दहा वर्षं अकरा दिवसांचा होता. पाच वर्षं चढवली की पंधराचा होतो, आणि पंधराव्या वर्षी पलटणीत असणं तेव्हा खपून जायचं. चार वर्षांनी काम झालं नसतं, सहाची गरज नव्हती. थाप अशी मापात बेतलेली असते.

आता गलबत. पोलंडच्या बंडात रशियनांच्या हाती लागला, रशियाच्या पूर्व टोकाला कामचटका द्वीपकल्पात बोल्शेरेत्स्कला हद्दपार झाला, एप्रिल १७७१च्या अखेरीस कैद्यांनी उठाव केला, त्यात किल्लेदार निलोव्ह मारला गेला, आणि रशियन पंचांगाने १२ मेला 'सेंट पीटर अँड सेंट पॉल' हे गलबत घेऊन सत्तरेक माणसं पळाली. इथवर वाद नाही. पुढे स्वारी म्हणते: बेरिंग बेट, बेरिंगची सामुद्रधुनी, अलास्काचा किनारा, मग जपान.

बोल्शेरेत्स्क कामचटकाच्या *पश्चिम* किनाऱ्याला आहे. म्हणजे आधी दक्षिणेला उतरून लोपात्का भूशिराला वळसा. तिथून बेरिंग बेट, मग सामुद्रधुनी, मग अलास्काच्या शेपटीला वळसा घालून कोडियाक बेट, तिथून परत कुरील बेटं (कामचटका आणि जपान यांच्यामधली माळ). कर्कटक लावून बघा, साडेचार हजार सागरी मैलांच्या वर जातं. प्रत्यक्षात गलबत १८ मेला कुरीलमधल्या सिमुशिरला पोचलं होतं. ते अंतर ३८०च्या आसपास, सहा दिवस, म्हणजे दिवसाला साठ-पासष्ट मैल. त्याच चालीने अलास्काची फेरी मारायला सत्तरवर दिवस लागतील, तेही कुठेही नांगर न टाकता. आणि ८ जुलैला हे लोक जपानच्या किनाऱ्यावर. हातच्या काकणाला आरसा कशाला?

रणझुंजार

तांडेल, कर्कटक छान फिरवलंत, पण गलबत कधी बघितलंय का, असं विचारावंसं वाटतं. सहा दिवसांची चाल हीच कमाल चाल, हे कुणी ठरवलं? नवखे खलाशी, अंगावर आलेलं धुकं, पहिलाच आठवडा. वारा पाठीशी असेल तर असं गलबत पाच-साडेपाच नॉटने (तासाला तेवढे सागरी मैल) सहज जातं. दिवसाला १२५-१३० धरा. तुमचे साडेचार हजार मैल छत्तीस दिवसांत. १२ मे ते ८ जुलै सत्तावन्न दिवस होतात. कुरीलवरून जपानला यायलाही वेळ उरतो. तुमच्याच आकड्यांनी तुमचा हिशेब कोसळला.

आणि तुमचा हा १८ मे कुठून आला? र्युमिनच्या वृत्तांतातून. र्युमिन कोण? बोल्शेरेत्स्कचा कारकून, जो नंतर माफी मागून रशियात परतला. त्याला आपली मान वाचवायची होती. तो बेन्योव्स्कीला नायक दाखवणार होता थोडाच! एकाची फुशारकी खोटी आणि दुसऱ्याची माफीची अर्जी खरी, हा कुठला न्याय?

खवचट

निलोव्हच्या लेकीबद्दल कुणीच बोलत नाही? किल्लेदाराची ती अफानासिया, जिला बंदिवान सरदार फ्रेंच शिकवतो, जी बापाविरुद्धचा कट त्याला कळवते, आणि चीनच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या मकावला जाऊन त्याच्यासाठी झुरून मरते? र्युमिनच्या वृत्तांतात या बाईचा पत्ताच नाही. सत्तर माणसांच्या गलबतावर किल्लेदाराची मुलगी असती तर कारकुनाच्या नजरेतून सुटली नसती. जर्मन नाटककार कोत्सेबूला मात्र १७९५ साली त्यातून झकास नाटक मिळालं. आणि आपल्या सरदाराचं १७६८लाच लग्न झालं होतं, हे जाता जाता.

तांडेल

रणझुंजार, चालीचा मुद्दा मान्य. सहा दिवसांवरून साठ दिवसांची चाल काढणं कच्चं होतं. घ्या, दिली एक.

आता त्याच हिशेबाला सिमुशिर जोडा. तिथे गलबत २९ मेपर्यंत थांबलं. पाव भाजले, पाणी भरलं, आणि गलबत उलटं कामचटकाला वळवायचा बेत करणाऱ्या गेरासिम इझमाइलोव्हला आणखी दोघांसकट बेटावर सोडून दिलं. म्हणजे तुमच्या सत्तावन्न दिवसांतले चाळीसच हातात राहिले. सिमुशिरवरून बेरिंग बेट, सामुद्रधुनी, कोडियाक आणि तिथून थेट शिकोकू, म्हणजे जपानचं ते ८ जुलैचं बेट: सहा हजार मैल. भागिले चाळीस, दीडशे. सव्वासहा नॉट, अहोरात्र, महिना-सव्वा महिना, बर्फातून, वाटेत एकदाही नांगर न टाकता. आणि आठवणींत तर ठिकठिकाणी उतरून भेटीगाठी चालल्यात.

'र्युमिनच खोटा' म्हणाल तर इझमाइलोव्हचं काय करणार? तो सुटला आणि पुढे रशियन फरवाल्यांच्या गलबतांवर नाखवा झाला. ऑक्टोबर १७७८मध्ये अलास्काजवळच्या उनालास्का बेटावर खुद्द कॅप्टन कुकला भेटला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, खुणा आणि आकडे यांवर संभाषण. पण माणूस होता, सिमुशिरपर्यंत गलबतावर होता, आणि बेन्योव्स्कीने त्याला तिथे टाकलं होतं. सिमुशिरला न जाता त्याला सिमुशिरवर कसं टाकलं?

मोडीवाला

तुमचं चालू द्या, पण मला एक सांगा. हाच माणूस आपल्याकडचा असता तर? भाऊसाहेबांच्या बखरीत एखादा आकडा फुगला की 'बखरी म्हणजे गप्पा', मग शाळेच्या पुस्तकापासून व्याख्यानापर्यंत तेच. इकडे पाच वर्षं वय वाढवणारा, न बघितलेल्या खंडावर उतरणारा, आणि त्याचं पुस्तक 'मेमॉयर्स', लंडनला १७९० साली दोन खंडांत. त्यावर चर्चा करायची तीही सभ्यपणे. आपल्या त्या गप्पा आणि त्यांचं ते साधन!

ओसरी

मोडीवाले, जरा थांबा. त्याची सालं काढली ती गोऱ्यांनीच. पास्फील्ड ऑलिव्हरने १८९३ला हेच पुस्तक पुन्हा काढताना प्रस्तावनेत त्याची पुरती धुलाई केली. बखरींनाही अशी एखादी बारीक, रागीट प्रस्तावना लाभली तर बखरींचंच भलं होईल. फुगलेला आकडा दाखवला की लोक अस्मितेवर येतात, ही आपली अडचण.

मोडीवाला

अस्मिता कुठून आणलीत? मी कालगणनेचं बोलतोय. बखरकार शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतलं, मृगापासून सुरू होणारं वर्ष), शक, तिथी, वार असं लिहितो, त्यातलं एक जुळलं नाही की सगळं रद्दीत. आणि इथे तीन पंचांगांच्या तारखा एकाच वाक्यात कोंबल्या तरी कुणी विचारत नाही! तांडेलांनी '८ जुलै जपान' असं ठोकून दिलंय. मी वाचलेल्या जपानी नोंदीवरून तो दिवस १९ जुलै येतो. अकरा दिवसांची तफावत! मग कारकून र्युमिनही फेकूच की. रणझुंजारांचा मुद्दा इथे बरोबर आहे.

रणझुंजार

धन्यवाद मोडीवाले! हेच म्हणत होतो.

जंत्रीताई

अरे देवा. मोडीवाले, शुहूर सनाची तक्रार करणाऱ्याने ही चूक करावी?

१८व्या शतकात रशियन जुनं पंचांग आणि नवं पंचांग यांत अकराच दिवसांचा फरक होता. र्युमिनचा ८ जुलै जुना. ८ अधिक ११, एकोणीस. तफावत नव्हे, ताळा जमला! आता जपानी बाजू: मेइवा या जपानी कालखंडाचं ८वं वर्ष, सहावा महिना, आठवा दिवस, शिकोकूवरच्या आवा प्रांतातलं हिवासा. जपानी महिना चांद्र, अमावास्येपासून धरलेला. जुलै १७७१मध्ये अमावास्या नव्या पंचांगाने १२ तारखेला. पहिला दिवस १२, तर आठवा १९. आपल्या भाषेत शुद्ध अष्टमीच्या आसपास. कारकुनाची तारीख आणि हजारो मैलांवरच्या, त्याला न ओळखणाऱ्या जपान्यांची तारीख एकाच दिवशी येते. कट करून असं जुळवता येत नाही.

चुका होतात कुठे तेही सांगते, कारण दर वेळी त्याच होतात. एक, जुन्यावरून नव्यावर येताना अकरा *मिळवायचे*. लोक वजा करतात आणि बावीस दिवसांचा घोळ होतो. दोन, १८००नंतर फरक बारा होतो, एकोणिसाव्या शतकाचं कोष्टक अठराव्याला लावायचं नाही. तीन, एका पुस्तकात लेखकाने मकावनंतर युरोपीय तारखा वापरायला सुरुवात केली की मधला कालावधी आपोआप अकरा दिवसांनी फुगतो. हे गलबत १२ सप्टेंबरला, जुन्याच पंचांगाने, मकावला लागलं. १२ मे ते १२ सप्टेंबर, १२३ दिवस. दुसरं टोक नवं धरलंत तर १३४. उगाच अकरा दिवस हवेतून.

शुहूरचंही तसंच. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढल्या मृगापर्यंत ६००. पानिपत पौषात, शुहूर ११६१. तिथे ५९९ मिळवलेत तर लढाई १७६०मध्ये जाते आणि मग बखरकाराला शिव्या बसतात. बखरकार बिचारा बरोबरच असतो.

मोडीवाला

अकरा मिळवायचे हे मला माहीत आहे हो ताई. पण लिहिणाऱ्याने कुठलं पंचांग ते लिहायला नको? तांडेलांनी १२ मेला 'रशियन पंचांगाने' म्हटलं आणि ८ जुलैला विसरले. धागाकर्त्याने गाफील राहायचं आणि वाचणाऱ्याने अडाणी ठरायचं.

तांडेल

राहिलं ते. ८ जुलैही जुन्याच पंचांगाने. चूक माझी.

ओसरी

पंचांग झालं असेल तर मूळ प्रश्नाकडे. तांडेल, 'थापाड्या' म्हणून पुस्तक बाजूला सारता येत नाही, याचं कारण जपानच आहे. या माणसाने नागासाकीच्या डचांना जर्मनमध्ये पत्रं धाडली: रशियन कुरीलमध्ये किल्ला बांधून पुढच्या वर्षी जपानच्या उत्तरेला मात्सुमाएवर चालून येणार आहेत. साफ खोटं. पण डचांनी भाषांतर करून ते वर कळवलं, आणि जपानी कागदांत हा 'हानबेंगोरो' होऊन बसला. पुढे हायाशी शिहेई हा जपानी विद्वान 'काइकोकु हेइदान' हा ग्रंथ लिहून १७९१मध्ये सागरी संरक्षणाची हाकाटी करतो, शोगुनशाही, म्हणजे जपानचं लष्करी सरकार, त्याला शिक्षा करून पुस्तकाचे लाकडी ठसे जप्त करते. त्या भीतीच्या मुळाशी हे पत्र आहे. म्हणजे थाप खोटी, परिणाम खरा. आठवणी रद्दीत टाकल्यात तर हा धागा कुठून उलगडणार?

तांडेल

पत्र आणि आठवणी यांत गल्लत होतेय. पत्र १७७१चं, डचांच्या हातून गेलेलं, ते साधन आहेच. आठवणी नंतर लिहिलेल्या, आणि लिहिल्या त्या पैसे उभे करायच्या काळात. लंडनला हस्तलिखित मागेलानकडे सोपवलं (तो जगप्रदक्षिणेवाला नव्हे), त्याच्याकडून भांडवल घेतलं आणि पुन्हा मादागास्करला निघाला. अशा वेळी माणूस आत्मचरित्र लिहीत नसतो, भांडवलदारासाठी माहितीपत्रक लिहीत असतो. 'मी अलास्का पाहिलंय, मला मालागासी सरदारांनी राजा केलंय' ही त्यातली कलमं.

रणझुंजार

आता माहितीपत्रक! मग निकल्सनने भाषांतरात काय घातलं, काय गाळलं, ते कोण सांगणार? लेखक मेला मे १७८६ला, फ्रेंच शिपायांच्या गोळीने. पुस्तक आलं चार वर्षांनी. मेलेल्या माणसावर वाट्टेल ते ढकला. तुम्हा लोकांना कुणाचं काही मोठं झालेलं बघवत नाही, एवढंच खरं.

खवचट

मूळ फ्रेंच हस्तलिखित लंडनला सुखरूप आहे. आणि वयाची पाच वर्षं भाषांतरकाराने वाढवली असतील तर त्या निकल्सनला लोबोझित्सच्या पगारातला हिस्सा मिळत असावा.

रणझुंजार

वैयक्तिक टोमणे नकोत.

जंत्रीताई

'बघवत नाही' हे तुमचंच वाक्य होतं, रणझुंजार.

मादागास्करचं तरी तारखांनी बोलूया. फेब्रुवारी १७७४ला फ्रेंच सरकारतर्फे तिथल्या अंतोंजिलच्या आखातात उतरला, लुईबुर्ग वसवलं, माणसं तापाने पटापट गेली. सप्टेंबर १७७६मध्ये बेलकोंब आणि शेव्रो हे फ्रेंच तपासनीस आले. कागदावरचे रस्ते आणि किल्ले जागेवर सापडेनात. आणि ते येऊन गेले त्याच सुमाराला, आठवणींनुसार, सरदारांनी याला 'आंपान्साकाबे' म्हणजे थोर राजा केलं. आधार काय, तर एका म्हाताऱ्या सुझानाने ओळखलं की हा शेवटच्या रामिनीच्या, म्हणजे तिथल्या जुन्या राजघराण्याच्या शेवटच्या पुरुषाच्या, मुलीचा मुलगा. व्ह्रबोव्हेच्या बाप्तिस्म्याची वही आणि ही आजी, एकाच माणसाच्या दोन जन्मकथा. कुठल्या पंचांगाने जुळवू?

रणझुंजार

बरं बाई, आजी सोडली. अलास्काही सोडतो. सिमुशिरचा मुद्दा मला आधी माहीत नव्हता, पोस्टमध्ये दुरुस्ती टाकतो. पण पंचविशीही न गाठलेला एक कैदी कडेकोट ठाण्यातून सत्तर माणसं काढतो, नकाशा नसलेल्या समुद्रातून चार महिन्यांत मकावला नेतो, हे तुमच्या कर्कटकाने पुसलं जात नाही. 'प्रामाणिक' शब्द काढतो. 'राजा' राहू दे, पोस्टच्या नावात आहे.

तांडेल

पंचविशीच्या आतला, हे तुम्हीच १७४६ धरून म्हणालात. १७४१ धरलं असतं तर तिशीला टेकला होता.

मोडीवाला

आणि ते मकावचं १२ सप्टेंबर पोस्टमध्ये टाकताना पुढे 'जुनं पंचांग' लिहा. नाहीतर परत कुणीतरी बखरींवर घसरेल.