गच्चीवर पत्रा, स्लॅब की ताणलेलं कापड? टिळकवाडीतल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप

सेक्रेटरी काका: मंडळी, परवाच्या वळवात गच्चीवरचे तीन पत्रे उडाले. एक शेजारच्या आवारात पडला, खाली कुणी नव्हतं म्हणून बरं. गणपतीच्या आधी छप्पर व्हायला पाहिजे. दोन कोटेशनं आल्यात: पुन्हा पत्रा, नाहीतर पक्का स्लॅब. मतं कळवा.

१०२ काकू: स्लॅबच घाला. वजनदार झालं की उडायचं भ्या नाही. रात्रभर पत्रं वाजत होते, नातवाला झोप नाही.

३०४ ताई: काकू, स्लॅब नको, हात जोडते. गच्ची ३० फूट बाय २० फूट, म्हणजे ५६ चौरस मीटर. ५ इंची स्लॅब दर चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जातो, सगळा मिळून १७ टन. आपली बिल्डिंग तीन मजल्यांचा हिशेब करून बांधलीय. खालच्या कॉलमच्या हिशेबात हे ओझं नाहीच.

२०१ दादा: मग पत्राच की ताई, हलका.

३०४ ताई: हलका आहे, दर चौरस मीटरला ५ किलोच्या आसपास. पण उडाला का ते बघा. ताशी १२० किलोमीटर वाऱ्याचा दाब तेवढ्याच जागेवर ६८ किलो भरतो. उघड्या शेडमध्ये वारा खालून घुसून ढकलतो आणि वरून जाताना ओढतो. ५ किलो वजन तिथं काय पुरणार? मी वर जाऊन बघितलंय, हुक उलगडून सरळ झालेत. हलक्या छपराला पडण्याचं नाही, उडण्याचं भय.
माझं मत, टेन्साईल, म्हणजे ताणून बसवलेल्या कापडाचं छप्पर करू. पीव्हीसीचा लेप दिलेलं पॉलिस्टरचं कापड, चौरस मीटरला साधारण १ किलो.

१०२ काकू: मंडपाचं कापड? पावसात त्याला पोट सुटतंय आणि पाणी साठतंय.

३०४ ताई: साठतं, कारण ते सपाट आणि सैल असतं. हे खोगिरासारखं करायचं. समोरासमोरचे दोन कोपरे वर, दोन खाली. एका कर्णावर कापड झुकतं, दुसऱ्यावर कमान होते. वारा उचलायला लागला की कमानीचे धागे अडवतात, पाऊस दाबायला लागला की झुकलेले. पाणी दोन खालच्या कोपऱ्यांना धावतं, तिथं पन्हळ लावायची.
जर्मनीत फ्राय ओटो नावाचे आर्किटेक्ट होते. तारेच्या चौकटी साबणाच्या पाण्यात बुडवायचे. चौकटीत जो पापुद्रा धरतो त्याचा ताण सगळीकडे सारखा असतो, त्यावरून ते छपराचा आकार शोधायचे. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकचं तारांच्या जाळ्याचं छप्पर त्यांच्याच विचारातून आलं. ते अजून उभं आहे. मला तर त्या साबणाच्या पापुद्र्याचं आजही नवल वाटतं.

२०३ भाई: अब्बा हजला गेलते तेव्हा जेद्दाच्या विमानतळावर नुसते पांढरे तंबू बघितले म्हणाले. बाहेर ऊन मरणाचं, खाली सावली.

३०४ ताई: तेच भाई! २१० तंबू, १९८१ चं काम. काचेच्या धाग्याचं कापड, वर टेफ्लॉन. इंजिनिअर फजलुर रहमान खान, ढाक्याकडचे.

००१ मामा: ताई, एक विचारतो. आमचा वडगावात माग होता. ताण्याचा उभा धागा आधीच ओढलेला, बाण्याचा आडवा धागा वाकत जातोय. दोन्ही सारखे ताणत नाहीत. तुमचं कापड चारी बाजूंनी ओढलं तर एकीकडं सैल पडणार नाही?

३०४ ताई: मामा, नेमकं बोललात. म्हणूनच आधी कापडाचा तुकडा दोन्ही दिशांनी ओढून किती वाढतो ते मोजतात, आणि पट्ट्या तेवढ्या आखूड कापतात. ओढल्यावर मापात बसल्या पाहिजेत. इथं चुकलं की सुरकुती पडते, सुरकुतीत पाणी थांबतं, कापड वाऱ्यात फडफडून फाटतं. कोटेशन घेताना हा हिशेब लेखी मागू.

सेक्रेटरी काका: खर्च कुठं वाढतो, स्पष्ट सांगा.

३०४ ताई: खांबात आणि कोपऱ्यांत. एकेका कोपऱ्याला काही टनांची ओढ येते. ती कठड्याला बांधायची नाही, कठडा उपटून येईल. कॉलमच्या डोक्यातच अँकर पाहिजे. कापड १५ वर्षांच्या आसपास टिकतं, मग बदलायचं. खांब तेच राहतात.

१०२ काकू: वाजणार तर नाही ना?

३०४ ताई: पत्र्यासारखं नाही काकू. जोराच्या पावसाचा आवाज येईल.

सेक्रेटरी काका: बरं. रविवारी १० वाजता गच्चीवर. कॉलमची जागा कळायला जुना नकाशा मी कपाटातून काढतो.

००१ मामा: मी येतो. कापडाचा नमुना मागवा ताई, हातात धरून बघूया.