कपाटभर जुनी पुस्तकं उक्ती घ्यावीत का? घरगुती ऑनलाइन विक्रीसाठी मदत हवी आहे

शेवंती

नमस्कार मंडळी,

मी डोंबिवलीत राहते. जुनी मराठी पुस्तकं विकत घेऊन, साफसूफ करून इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॅप गटावर विकते. दुकान नाही, सगळा कारभार घरातूनच. गिऱ्हाईक नेमकं आहे. नागपूर, कोल्हापूर, बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदा इथली वाचणारी माणसं, आणि त्यातली बरीचशी परत परत घेणारी. त्यामुळे विक्री कशी वाढवू, हा माझा प्रश्न नाही. अडलंय ते खरेदीत.

आमच्याकडे एकामागून एक इमारती रीडेव्हलपमेंटला जातायत. आजी-आजोबांचं घर, पुस्तकांनी भरलेली गोदरेजची कपाटं, मुलं पुण्यात नाहीतर थेट परदेशात, आणि बिल्डरला महिन्याभरात चावी द्यायचीय. असे फोन मला नेहमी येतात. पण अट ठरलेली: "ताई, घ्यायचं तर सगळं उचला." निवडायला कुणी देत नाही. मग उक्ता भाव ठरतो, टेम्पो ठरतो, माणूस लागतो. घरी येऊन गठ्ठे सोडले की त्यात निघतं काय? चौथाईभर खरंच चांगली पुस्तकं. बाकी ‘विंडोज ९८ शिका’ छापाची पुस्तकं, दहावीची गाइडं, पतपेढ्यांचे अहवाल, कुठल्याशा संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका आणि एकाच कादंबरीचे तीन-तीन अर्धे भाग.

आमचं घर दोन खोल्यांचं. पोटमाळा भरला, दिवाणाखालची जागा भरली. सासूबाई म्हणतात, "त्यांच्या घरातली अडगळ होती, ती आता आपली झाली." आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही.

हिशेब साधारण असा: कपाटाचे उक्ते चार हजार, टेम्पो आणि हमाली मिळून दीड हजार. चांगली पुस्तकं विकून हे वसूल होतं, वर थोडं सुटतंही. पण ते सुटायला महिने जातात आणि तोवर पुढचं कपाट दारात उभं असतं. नाही म्हटलं तर ते रद्दीत जाणार हे माहीत असतं, म्हणून जीव तुटतो.

दुसरं म्हणजे, हल्ली याच घरांतून ग्रामोफोनच्या तबकड्या, कॅसेट, पितळी डबे, अडकित्ते असंही देऊ करतात. तबकड्यांना पुस्तकांपेक्षा बरा भाव येतो असं दिसतंय. तेही विकायला घ्यावं का? त्यात जीएसटीची काही भानगड आहे का? आत्तापर्यंत नोंदणी वगैरे काही केलेली नाही.

टपालखर्चाचंही बघायचंय. दीडशेच्या पुस्तकाला कुरिअरचे ऐंशी-नव्वद सांगितले की गिऱ्हाईक गप्प होतं.

हा धंदा करणाऱ्या कुणी आहे का इथे? जाणकारांनी सांगावं.

कपाटवाला

शेवंतीताई, पुण्यात हेच काम बरीच वर्षं करतोय. अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात उमेदवारी केली, मग घरून सुरू केलं.

‘सगळं उचला’ याचा अर्थ नीट लावा. त्या माणसाला तुम्ही सगळं न्यायला नकोय, त्याला कपाट रिकामं हवंय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी फोनवरच सांगतो: निवड तुमच्या घरी बसून करणार, माझ्याबरोबर रद्दीवाला येणार, मी जे घेणार नाही ते तो तिथेच वजनावर नेणार आणि रद्दीचे पैसे तुमचे. संध्याकाळी कपाट झाडून मिळेल. या बोलीवर बहुतेक लोक तयार होतात, कारण त्यांना रद्दीचे पैसे वेगळे मिळतात आणि डोक्याचा ताप जातो. रद्दीवाला मात्र आपला ओळखीचा हवा. नाहीतर तो मध्येच भाव पाडतो आणि सगळ्यांसमोर वाद होतो.

जायच्या आधी फळीवार फोटो मागवा. पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचता आली पाहिजेत, नुसता कपाटाचा फोटो नको. फोटोतच निम्मा निकाल लागतो. सगळी फळी गाइडांची दिसली तर जाऊच नका, तेवढा टेम्पो वाचला.

तिथे गेल्यावर मी पुस्तक पुढून उघडत नाही, मधोमध उघडतो. शिलाईच्या खाचेत बघायचं. बारीक गोल भोकं दिसली आणि पान हलवल्यावर पिठासारखी भुकटी पडली, तर किडा आत जिवंत आहे असं धरा. ते पुस्तक बाकीच्यांत मिसळायचं नाही. फारच मोलाचं असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून काही दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवतो, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडत नाही. थंडपणा जाईपर्यंत तशीच ठेवायची, नाहीतर पानांना दव धरतं. डांबरगोळ्या टाकू नका. किडा जातो की नाही देव जाणे, वास मात्र पुस्तकातून वर्षभर जात नाही आणि गिऱ्हाईक तक्रार करतं.

मग शेवटी मुद्रणपृष्ठ: आवृत्ती, वर्ष, पानं पूर्ण आहेत का. वाचनालयाचा शिक्का असेल तर ‘रद्द’ किंवा ‘निर्लेखित’ असा शिक्काही आहे का ते बघा. नसेल तर मालकाला विचारा आणि समाधान झालं नाही तर सोडून द्या. पुस्तक परत न करणारे सभासद काही थोडेथोडके नव्हते आपल्याकडे!

हेकट

खरं सांगू का, राग मानू नका. दोन खोल्यांच्या घरात हा धंदा म्हणजे छंदाला हिशेबाची वही जोडलेली आहे. स्वतःच्या वेळेचे पैसे धरलेत का? एका पुस्तकाचे फोटो, वर्णन, वीस प्रश्नांना उत्तरं, पॅकिंग, टपालाची रांग. तासाला काय पडतं ते काढा एकदा.

शेवंती

@कपाटवाला, रद्दीवाल्याची युक्ती डोक्यातच आली नव्हती. या रविवारी ठाण्याला एक घर बघायचंय, तिथे करून बघते.

@हेकट, राग कशाला. पण तासाचा हिशेब केला तर घरातलं कुठलंच काम परवडायचं नाही. :-) शिवाय हे काम दुपारी दोन ते पाचमध्ये बसतं. त्या वेळेत बाहेरची नोकरी कोण देणार?

आकडेमोड

जीएसटीबद्दल. पेशाने हिशेबनीस आहे, तरी शेवटचा सल्ला तुमच्या सीएचा घ्या.

छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. नियतकालिकांवरही. आणि जो माणूस फक्त करमुक्त माल विकतो, त्याला नोंदणी घ्यावीच लागत नाही (कायद्याचं कलम २३). मग उलाढाल किती आणि माल इंदूरला गेला की बेळगावला, हा प्रश्नच येत नाही. आत्तापर्यंत तुम्ही नोंदणी केली नाहीत ते बरोबरच आहे.

गंमत आहे ती ‘फक्त’ या शब्दात. करपात्र असलेली एक तबकडी किंवा पितळी डबा यादीत आला की तुम्ही फक्त करमुक्त माल विकणाऱ्या राहत नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकलंत तर मालासाठी वर्षाला ४० लाखांची मर्यादा आहे, तिथवर तुम्ही जाणार नाही. आणि ही उलाढाल मोजताना करमुक्त पुस्तकांची विक्रीही धरतात, हे लक्षात ठेवा. पण करपात्र माल परराज्यात गेला की कलम २४ लागतं आणि तिथे मर्यादा वगैरे काही नाही, नोंदणी सक्तीची. म्हणजे इंदूरच्या गिऱ्हाइकाला पुस्तकं बेलाशक पाठवा, तबकडी पाठवायच्या आधी थांबा. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवर दुकान मांडणार असाल तर त्यांचे नियम आणखी वेगळे, ते वेगळं विचारा.

पुढेमागे नोंदणी घेतलीतच तर जुन्या मालासाठी एक सोय आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. नियम ३२(५) नुसार जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला विक्रीच्या पूर्ण किमतीवर नाही, तर खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर लावता येतो. दीडशेला घेतलेली तबकडी साडेतीनशेला विकली तर कर दोनशेवर. अट अशी की वस्तू आहे तशीच किंवा किरकोळ डागडुजी करून विकलेली हवी आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट (इनपुट क्रेडिट) घेतलेली नसावी. पण त्यासाठी कुठली वस्तू कितीला घेतली याची नोंद लागते. उक्त्या कपाटात ती कुठून आणणार? म्हणून खरेदी करतानाच साध्या वहीत तारीख, कुणाकडून, काय, किती असं लिहून समोरच्याची सही घ्या. चोरीचा माल असल्याचा बालंटही त्याने टळतो.

जीएसटी नसला तरी आयकर आहेच, हे विसरू नका. छोट्या धंद्याला अंदाजित उत्पन्नाची योजना आहे: बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या उलाढालीच्या ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के नफा धरून विवरणपत्र भरता येतं. प्रत्यक्ष नफा त्याहून जास्त असेल तर जास्त दाखवायचा, हे सांगायला नको.

गोदाकाठ

टपालाचं सांगतो. रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झाल्यावर आमचेही वांधे झाले होते. पण १ मे २०२५ पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलंय. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. माल रस्त्याने किंवा रेल्वेने जातो म्हणून वेळ लागतो, पण ट्रॅकिंग आहे. दीडशेच्या पुस्तकाला हेच परवडतं. मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो, घाई असेल तर स्पीड पोस्टचे पैसे भरा, नसेल तर वाट बघा. वाचणारी माणसं वाट बघतात.

दोन मेखा आहेत. नियतकालिकं आणि जाहिराती असलेली प्रकाशनं यात चालत नाहीत, त्यामुळे दिवाळी अंक बाद. आणि पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. पहिली पानं गळालेलं पुस्तक असेल तर खिडकीवर वाद घालण्यात अर्थ नाही. खिडकीवर ‘असं काही नसतं’ असं उत्तर आलं तर शांतपणे मोठ्या टपाल कार्यालयात जा.

पावसाळ्यात पुस्तक आधी प्लास्टिकमध्ये, मग दोन्ही बाजूंना पुठ्ठा, मग खाकी कागद. पुठ्ठा पुस्तकापेक्षा बोटभर मोठा कापा, म्हणजे कोपरे दुमडत नाहीत. वजन मात्र हे सगळं गुंडाळून झाल्यावर करा.

शेवंती

@आकडेमोड, इतकं सोपं करून कुणीच सांगितलं नव्हतं. तबकड्या तूर्त फक्त महाराष्ट्रात, असं ठरवते आणि सीएशी बोलते. वही आजपासूनच.

@गोदाकाठ, दिवाळी अंकांचं वाचून वाईट वाटलं, माझ्याकडे तेच सगळ्यात लवकर जातात. ते आता ठाणे-मुंबईच्या गिऱ्हाइकांना हातोहात द्यावे म्हणते. स्टेशनवर भेटून देते, लोकलचा पास आहेच.

आणखी एक. परवा एकाने सबंध संच घेतो म्हणून सांगितलं, भावही केला नाही. आपण लष्करात आहोत, छावणीबाहेर येता येत नाही, म्हणाला. मग क्यूआर कोड पाठवला: "स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील." मी केला नाही, पण असा प्रकार कुणाला आलाय का?

कपाटवाला

जुनाच खेळ आहे, गणवेशातला फोटोही पाठवतात. पैसे घ्यायला ना स्कॅन लागतं, ना पिन. पिन टाकला की पैसे जाणारच. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉटही पुरावा धरू नका, आपल्या खात्यात रक्कम दिसली की मगच पार्सल बांधा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करायचा. आणि भाव न करता जुनी पुस्तकं घेणारा मराठी माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही, तिथेच ओळखायचं.

शेवंती

:-D पटलं. ठाण्याच्या घराचे फोटो आलेत, फळीवार मागवले होते. खालच्या फळीत लाल कापडात बांधलेलं एक बासन आहे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "काहीतरी मोडीतलं आहे, पणजोबांचं. तेही घेऊन टाका." याला काही भाव येतो का? घ्यावं का?

मोडीवाचक

भाव सांगायच्या आधी थांबा. हस्तलिखितं आणि दस्तऐवज ७५ वर्षांपेक्षा जुने असतील आणि त्यांना ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ते येऊ शकतात, आणि पुरावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणून हाती लिहिलेलं बासन इन्स्टाग्रामवर टाकू नका. बऱ्याचदा त्यात घरगुती जमाखर्च आणि कर्जरोखे असतात, पण ते वाचल्याशिवाय कळत नाही. घरमालकांनाच सांगा की बासन न सोडता, ऊन-पाण्यापासून जपून ठेवा आणि पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाकडे विचारा. कागद त्यांच्या घराण्याचे आहेत, निर्णय त्यांचा. वरच्या पानाचा फोटो मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तर निदान कशाबद्दल आहे एवढं वाचून सांगेन.

शेवंती

व्यनि केलाय. रविवारी रद्दीवाल्याला दहाची वेळ दिलीय, तो अकराला येईल असं धरून चालते.

हेकट

अवांतर: त्या फळ्यांवर सत्तरच्या दशकातले दिवाळी अंक दिसतायत का? असतील तर माझ्यासाठी बाजूला ठेवा. ठाणे स्टेशनला येऊन घेईन. भाव मात्र करणार.