मदत हवी आहे: लाईव्ह रॉकवर एप्टेशिया (झपाट्याने पसरणारा उपद्रवी सी ॲनिमोन), दगड काढू का?

कोथरूडमध्ये घरी 200 लिटरचा रीफ टँक (कोरलचा खाऱ्या पाण्याचा टँक) आहे, 14 महिने झाले. साधारण 20 किलो लाईव्ह रॉक (अमोनिया संपवणारे जिवाणू असलेले दगड), क्लाऊनफिशची जोडी, झोआ (दगडावर पसरणारं छोटं कोरल) आणि एक हॅमर कोरल. सॅलिनिटी 1.025, तापमान 26, नायट्रेट 10. पाणी आरओचंच.

तीन महिन्यांपूर्वी एका दगडाच्या फटीत काचेसारखा पारदर्शक, तपकिरी झाक असलेला एप्टेशिया दिसला. मी शहाणपणा केला आणि चिमट्याने ओढला. बुडखा आत राहिला, पंधरा दिवसांत तिथेच चार! मग सिरिंजने कॅल्कवासरची (चुन्याची) घट्ट पेस्ट भरली, पंप अर्धा तास बंद ठेवून. उघड्यावरचे मेले, पण फटीतले सुई जवळ जाताच आत ओढले जातात. एप्टेशिया खाणाऱ्या पेपरमिंट म्हणून दोन कोळंब्या आणल्या, त्या बहुतेक तशाच दिसणाऱ्या कॅमल निघाल्या. एप्टेशियाला तोंड लावत नाहीत, झोआ मात्र कुरतडतात. त्या परत केल्या.

आता 30-35 आहेत, जवळजवळ सगळे एकाच 6 किलोच्या दगडावर. त्याच दगडाला झोआ चिकटलेत. एप्टेशिया खाणारा बटरफ्लाय मासा नको, कोरलही खाईल. वेगळा टँक चालवायला जागा नाही, आणि गुरुवारी लाईट गेली की इन्व्हर्टरवर आहे तेवढंच कसंबसं निघतं.

झोआ सोलून दुसरीकडे लावायची तयारी आहे, फक्त त्यांच्या बुडाशी एप्टेशियाचा कण राहिला नाही हे कसं तपासता? आणि हा 6 किलोचा दगड एकदम काढला तर उरलेल्या 14 किलोवर अमोनिया सांभाळला जाईल का, की तुकडे करून टप्प्याटप्प्याने काढू?